पलूसहून पलूसला : शेतकी छात्राध्यापकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे सरावकाळाची नोंदवही आजपासून सुरू करीत आहे. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या सीमेलगत, एका लहान गावातील माध्यमिक शाळेच्या शेतकी विभागात मे महिन्याच्या अखेरपर्यंत मी छात्राध्यापक म्हणून काम करणार आहे. पहिले तीन-चार आठवडे निरीक्षण करायचे, मग एकेक तास हाती घ्यायचा आणि मार्चपासून सर्व तास माझे, असा क्रम ठरला आहे. बोटांचे ठसे देऊन पोलिसी पडताळणी डिसेंबरातच झाली होती. ती झाल्याशिवाय इथे वर्गाच्या दारातही उभे राहू देत नाहीत.

या टेकड्यांच्या प्रदेशाचे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये ओळखू येत नाही, पण उच्चारात ते सरळ ‘पलूस’ होते. मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्याचा, द्राक्ष आणि उसाच्या घरातला. एका पलूसहून दुसऱ्या पलूसला आलो हे गावी सांगितले, तेव्हा मी थट्टा करतो आहे असेच सर्वांना वाटले. साम्य मात्र नावापुरतेच आहे. इथे कालवा नाही, उपसा सिंचन नाही, शेती जवळजवळ सगळी जिरायती. वर्षभरात साधारण वीस इंच पाणी मिळते, तेही बहुतेक हिवाळ्यातील पाऊस आणि बर्फाच्या रूपाने, आणि जमिनीने धरून ठेवलेल्या त्या ओलीवर गहू, मसूर, वाटाणा आणि हरभरा येतो. आज सकाळी शाळेत येताना शरदात पेरलेला गहू बर्फाखाली असलेल्या टेकड्या दिसल्या. बर्फाखाली उभे पीक असते ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असूनही डोळ्यांना पटायला वेळ लागला.

१० जानेवारी, शुक्रवार

आठवडाभर मागच्या बाकावर बसून पाहिले. या विभागात एकच शिक्षक आहेत, ते माझे मार्गदर्शक. यापुढे त्यांचा उल्लेख नुसता ‘सर’ असा करीन, जरी मुले त्यांना आडनावाने हाक मारतात. ते एकटेच नववीला शेतीची तोंडओळख, वरच्या वर्गांना माती व पिके, पशुविज्ञान, हरितगृह आणि शेतकी यंत्रशाळेत वेल्डिंग, असे सगळे शिकवतात. आपल्याकडे कृषी महाविद्यालयात यासाठी पाच विभाग आणि पाच विभागप्रमुख असते.

अमेरिकेतील शालेय शेतकी शिक्षण तीन पायांवर उभे आहे. वर्ग व प्रयोगशाळा हा पहिला पाय, एफएफए ही विद्यार्थी संघटना हा दुसरा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा, शिक्षकाच्या देखरेखीखालील शेती प्रकल्प हा तिसरा. शेवटच्या दोघांत वयाने मोठा तिसराच आहे. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथील शेतकी शाळेत रुफस स्टिम्सन यांनी १९०८ च्या सुमारास मुलांना घरच्या शेतावर प्रकल्प करायला लावण्याची पद्धत सुरू केली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेतकी शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला तेव्हा वर्षातून किमान सहा महिने प्रत्यक्ष शेतीकाम हवे, अशी अट त्यातच घातली. एफएफए स्थापन झाली ती त्यानंतर, १९२८ मध्ये कॅन्सस सिटीत. म्हणजे बाहेरच्या माणसाला प्रथम दिसतात ती एफएफएची निळी कॉर्डरॉयची जॅकेटे आणि स्पर्धा, पण मूळ शोधायला गेले तर एका मुलाच्या घरचा वाफा आणि त्याची हिशेबवही सापडते.

आम्ही बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी ‘रावे’ला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, गावात राहिलो होतो. त्यात आम्ही शेतकऱ्याच्या शेताची माहिती गोळा केली, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले, फोटो काढले आणि अहवाल बांधून दिला. त्यात आमचे स्वतःचे एक रुपयाचेही नुकसान होण्याची शक्यता नव्हती. इथल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रकल्पात ती असते.

१४ जानेवारी, मंगळवार

शाळेतल्या एफएफए शाखेची मासिक बैठक झाली. तिचा प्रारंभ ठरलेल्या विधीने होतो आणि प्रत्येक पदाधिकारी आपापल्या चिन्हापाशी उभा राहून आपले काम म्हणून दाखवतो. अध्यक्षापाशी उगवता सूर्य, चिटणिसापाशी मक्याचे कणीस, खजिनदारापाशी जॉर्ज वॉशिंग्टनची प्रतिमा, वार्ताहरापाशी ध्वज आणि उपाध्यक्षापाशी नांगर. मार्गदर्शक शिक्षकाची जागा घुबडापाशी असते, कारण इकडे घुबड शहाणपणाचे लक्षण मानतात. छात्राध्यापक म्हणून मलाही त्याच घुबडाशेजारी खुर्ची मिळाली. गावी मास्तरांना घुबडाशेजारी बसवले असते तर शाळा समितीची तातडीची सभा भरली असती.

नांगरापाशी उभ्या असलेल्या मुलीला बैठकीनंतर मी किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. ते गाव आमच्याच तालुक्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर कारखाना हलवल्यावरच त्या नांगराचा खरा विस्तार झाला. ती म्हणाली की तिच्या आजोबांनी नांगर विकून टाकला आहे, कारण उतारावर नांगरल्याने माती वाहून जाते, आणि आता ते थेट मागच्या पिकाच्या धसकटांत पेरतात. माझी गोष्ट जिथे संपली, तिथून तिची सुरू झाली होती.

२३ जानेवारी, गुरुवार

आज प्रकल्पांच्या हिशेबाचा तास होता आणि आजवरच्या तासांत मला हाच सर्वांत जड वाटला. कॅलेंडर वर्ष संपल्यामुळे प्रत्येकाला २०२४ चा ताळेबंद पूर्ण करायचा होता. नोंदी संगणकावर भरतात, पण रकाने जुन्या खतावणीचेच आहेत : खरेदी, खाद्य, औषधपाणी, विक्री, शिल्लक साठा आणि कामाचे तास.

अकरावीतील एका मुलीने गेल्या वर्षी दोन कोकरे पाळून काउंटीच्या जत्रेत लिलावाने विकली होती. कोकरांची खरेदी, खाद्य, कातरणी आणि शुल्क मिळून खर्च ९०० डॉलर, दोन्हींचे मिळून वजन २७६ पौंड, आणि सरासरी साडेपाच डॉलर भावाने आलेली विक्री १,५१८ डॉलर. नफा ६१८ डॉलर. तिने समाधानाने पडदा माझ्याकडे फिरवला आणि मी तिला शाबासकी दिली.

सर मागे उभे होते. त्यांनी एवढेच विचारले की लिलावात बोली कोणी लावली. गावच्या बँकेने आणि खताच्या दुकानदाराने, असे उत्तर आले. जत्रेच्या लिलावात गावातील व्यापारी मुलांच्या कौतुकापोटी चढा भाव देतात, ही इथली जुनी रीत आहे. मग सरांनी तिला बाजाराचा भाव धरून तोच हिशेब पुन्हा करायला सांगितला. तिने पौंडाला दोन डॉलर धरले. विक्री ५५२ डॉलर, म्हणजे ३४८ डॉलर तोटा. ती काही वेळ गप्प बसली, आणि मग तिने खाद्याच्या नोंदी महिनावार उलगडून पाहायला सुरुवात केली. मेंढ्यांच्या पोषणावर मी तयार करून ठेवलेल्या तासापेक्षा त्या दहा मिनिटांत पोषणाचा विचार अधिक झाला.

कामाचे तास २१० भरले होते. तो रकाना नफ्यातोट्यात येत नाही. मी सरांना त्याबद्दल विचारले. त्यांच्या मते तास हा शिक्षणाचा भाग आहे, मजुरीचा नाही, म्हणून तो वेगळा मोजायचा. मला हे पटले नाही, पण तिसऱ्या आठवड्यातील छात्राध्यापकाने वाद घालू नये म्हणून मी विषय तिथेच ठेवला.

२४ जानेवारी, शुक्रवार

रात्री वडिलांशी फोनवर बोलताना कालच्या रकान्याचा विषय काढला. आमच्या घरी द्राक्षबागेचा हिशेब काटेकोर असतो. औषधांची बिले, छाटणीच्या टोळीची मजुरी, पेटी, वाहतूक, सगळे वहीत असते, पण आईने विरळणीत आणि वडिलांनी पंपाशी घालवलेला एकही दिवस त्यात नसतो. आपल्याकडे कृषी मूल्य आयोग किमान आधारभूत किमतीसाठी उत्पादन खर्च काढताना प्रत्यक्ष खर्चात घरच्या माणसांचे श्रम मिळवतो, आणि त्याहून व्यापक हिशेबात स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याजही धरतो. कोणता खर्च धरायचा यावरून गेली कित्येक वर्षे आंदोलने चालली आहेत. वडिलांना हे सगळे ठाऊक आहे. तरीही घरच्या वहीत तो रकाना का नाही असे विचारल्यावर ते म्हणाले, “तो मांडला तर बाग काढावी लागंल, मग काय करू?” आणि थंडी किती आहे ते विचारू लागले.

३ फेब्रुवारी, सोमवार

माझा पहिला स्वतंत्र पाठ. विषय मातीचा सामू, म्हणजे माती किती आम्ल वा क्षारी ते दाखवणारा आकडा (पीएच). पाठटाचण सहा पानांचे होते आणि त्याचा मला अभिमान होता.

पाठ फसला. मी क्षारपड जमिनींपासून सुरुवात केली. पृष्ठभागावर येणारा पांढरा थर, निचऱ्याचा अभाव, जिप्समची मात्रा, हे सर्व मला पाठ आहे, कारण कृष्णाकाठी आम्ही त्यातच वाढलो. वीस मिनिटे झाल्यावर एका मुलाने हात वर करून अगदी सभ्यपणे विचारले की ही जमीन कुठे असते. त्याच्या वडिलांच्या शेताचा नकाशा भिंतीवर लावलेला होता आणि त्यावर सामू लिहिलेला होता, ५.२. या टेकड्यांवर प्रश्न उलटा आहे. अनेक दशके अमोनियमयुक्त नत्र खते दिल्याने, त्या अमोनियमचे नायट्रेट होताना आम्ल तयार होऊन जमिनीचा वरचा थर आंबट झाला आहे, आणि इथल्या शेतकऱ्यांच्या चर्चेत जिप्सम नसून चुना असतो. नकाशा महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होता.

तासानंतर सरांनी टाचणाची सहाही पाने शांतपणे वाचली आणि ‘कोणाची माती?’ असा एकच शेरा समासात लिहून परत दिली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मातीचा पाठ पुन्हा घेतला, या वेळी टाचणाविना नव्हे, पण अर्ध्या पानाच्या टाचणाने. सरांनी शरदात दोन ठिकाणची ढेकळे आणून फळीवर वाळवून ठेवली होती. एक वर्षानुवर्षे नांगरलेल्या उताराचे, दुसरे त्याच शेताच्या कुंपणालगतच्या कधीच न नांगरलेल्या गवताळ पट्ट्यातील. दोन काचेच्या बरण्यांत पाणी भरून तोंडाशी तारेची जाळी बसवली आणि मुलांना एकाच वेळी दोन्ही ढेकळे जाळीवर ठेवायला सांगितली. नांगरलेले ढेकूळ बघता बघता विरघळून बरणीच्या तळाशी गेले. गवताखालचे ढेकूळ तास संपेपर्यंत बरेचसे शाबूत होते आणि त्यावरचे पाणीही स्वच्छ होते.

मी काही बोललो नाही. कारण सांगण्याची घाई मुलांनाच झाली होती. मुळे, बुरशीचे धागे, सेंद्रिय पदार्थ हे शब्द त्यांच्याकडून आले, आणि ज्या मुलीचे आजोबा नांगर विकून बसले होते तिने उतारावरील घळींचा मुद्दा काढला. ही माती वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक गाळाची आहे. तिला लोएस म्हणतात, आणि तिच्यात पोयटा फार असल्याने ती पाण्याबरोबर सहज सुटते. बऱ्याच टेकड्यांच्या माथ्यावरची काळसर माती आता उरलेली नाही आणि तेथे खालचा फिकट चिकण थर उघडा पडला आहे. मुले त्याला गावठी नावाने ओळखतात, शास्त्रीय कारण त्यांना आज जोडता आले. घरच्या काळ्या जमिनीची मला यानिमित्ताने आठवण झाली : ती उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसात फुगून त्या स्वतःच बुजवते. ही माती तसे काही करीत नाही, नुसती निघून जाते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एफएफए सप्ताह चालू आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाला धरून तो येतो. मुले ट्रॅक्टर घेऊन शाळेत आली. वाहनतळावर मोटारींना जागा उरली नाही, आणि मुख्याध्यापकांनी आपली मोटार रस्त्यापलीकडे लावली.

हरितगृहाचे काम आजपासून माझ्याकडे आले. मातृदिनाच्या आदल्या दिवशी, १० मे रोजी, शाळेची रोपविक्री असते आणि विभागाचा वर्षभराचा बराचसा किरकोळ खर्च त्यातून निघतो. पेट्युनियाचे बी आज ट्रेमध्ये टाकले. ते राईहूनही बारीक असते आणि त्याला उजेड लागतो म्हणून मातीने झाकायचे नसते. हे मुलांना सांगण्याआधी मी स्वतः दोनदा वाचले. मातीच्या पाठाने एवढे शिकवले आहे.

या प्रकल्पाचा हिशेब नववीतील एका मुलाकडे दिला. तो बोलत नाही फारसा, पण अक्षर सुवाच्य आहे.

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी पेट्युनियाचे अकरा ट्रे आडवे झालेले दिसले. देठ जमिनीलगत पाण्याने शिजवल्यासारखा, काळपट, आणि वरचा भाग अजून हिरवा. आमच्याकडे याला रोपमर म्हणतात, तंबाखू-मिरचीच्या गादीवाफ्यांवर मी ती लहानपणापासून पाहिलेली आहे, आणि नेमकी म्हणूनच ही चूक माझी आहे हे मला लगेच कळले. पाणी देण्याचे वेळापत्रक मी ठरवले होते. सकाळी आणि दुपारी, दोनदा. फेब्रुवारीत आमच्या गावी ते योग्य ठरले असते, पण इथे फेब्रुवारीत आभाळ भरलेले, सूर्य खाली, आणि गॅस वाचवण्यासाठी झरोके बंद. माध्यम, म्हणजे ट्रेमधली भर, दिवसभर चिंब राहिले आणि बुरशीला आयतेच घर मिळाले.

रोगट ट्रे बाहेर काढून टाकले, रिकामे ट्रे निर्जंतुक केले, बारीक पंखे लावून रोपांवर सतत हलका वारा राहील अशी व्यवस्था केली आणि पाणी फक्त ट्रे उचलून वजन हलके वाटल्यावरच द्यायचे असे ठरले. पुन्हा बी टाकून रोपे १० मेपर्यंत फुलावर येणार नाहीत म्हणून तयार रोपे विकत मागवावी लागली. नववीतल्या मुलाने नुकसानाची रक्कम वहीत लिहिली आणि कारणाच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले. मी त्याला खरे तेच लिहायला सांगितले. त्याने लिहिले, “जास्त पाणी, मिस्टर पी यांच्या सूचनेवरून.” वाक्य निर्दोष आहे.

१२ मार्च, बुधवार

विद्यापीठाच्या निरीक्षक बाई पाठ पाहायला आल्या. यंत्रशाळेतील वेल्डिंगचा तास होता. सुरक्षेच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर गुण मिळाल्याशिवाय इथे कोणाला वेल्डिंग मशीनला हात लावू देत नाहीत, आणि ती अट मला फार आवडते.

बाईंनी घड्याळ लावून नोंद केली होती. पन्नास मिनिटांपैकी एकतीस मिनिटे मी बोललो, बारा मिनिटे मुलांच्या हातात काम होते आणि उरलेली सात आवराआवरीत गेली. गुण, टीका असे काही नाही, नुसते तीन आकडे. मला ते सौम्य शब्दांतील कोणत्याही अभिप्रायापेक्षा बोचले, कारण त्यावर वाद घालता येत नव्हता. उद्यापासून प्रात्यक्षिक सात मिनिटांत संपवायचे, रॉडचा कोन आणि सरकवण्याची गती एवढ्या दोनच गोष्टी दाखवायच्या आणि बाकीचे मुलांच्या वाकड्यातिकड्या रेघा पाहतच बोलायचे, असे ठरवले आहे.

३१ मार्च, सोमवार

काल गुढीपाडवा झाला. कडुनिंब इथे मिळत नाही, चर्चा करावी असे आणखी काही नाही.

पशुविज्ञानाच्या वर्गाने आज चोवीस अंडी उबवणी यंत्रात ठेवली. तापमान ३७.५ अंश सेल्सियस, दिवसातून किमान तीनदा फिरवणे, अठराव्या दिवशी फिरवणे बंद करून आर्द्रता वाढवणे, एकविसाव्या दिवशी पिल्ले. यंत्र जुने आहे, अंडी हातानेच फिरवावी लागतात. पुढच्या आठवड्यात वसंताची सुटी आहे हे अंडी ठेवून झाल्यावर माझ्या लक्षात आले. मी म्हटले की मी रोज येईन. सर म्हणाले की तुम्ही येऊ नका, पाळ्या लावा. मुलांनी फळ्यावर तक्ता आखला, किल्लीचा प्रश्न रखवालदाराशी बोलून त्यांनीच सोडवला, आणि मला त्यात फक्त रविवारची एक पाळी मिळाली.

टोमॅटो आणि मिरचीचे बीही याच आठवड्यात टाकले.

२२ एप्रिल, मंगळवार

काल आणि आज मिळून सोळा पिल्ले निघाली. सातव्या दिवशी दिव्यावर धरून पाहताना तीन अंडी रिकामी आढळली होती, ती तेव्हाच काढली होती. पाच अंडी फुटलीच नाहीत. ती फोडून गर्भ कोणत्या टप्प्यावर थांबला ते पाहण्याचे काम मी ऐच्छिक ठेवले. तिघे सोडून सगळे थांबले. चार गर्भ साधारण एकाच वयाचे निघाले, आणि तक्त्याशी ताडून पाहता ते सुटीतील शुक्रवारच्या आसपासचे होते. शुक्रवारच्या दुपारची पाळी कोणाची होती हे फळ्यावर लिहिलेलेच होते. त्या मुलाने तक्त्यावर खूण केली होती, पण आला नव्हता, हे त्याने स्वतःच कबूल केले. एक फेरी चुकल्याने चार गर्भ दगावतात असे मानायला माझे शास्त्र तयार नाही, त्या दिवशी वीजही काही काळ गेली होती असे रखवालदार सांगतो, आणि मी हे वर्गाला सांगितले. खूण मात्र त्याने खोटी केली होती. त्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही. तो मुलगा दुपारी पिल्लांचे पाणी बदलायला न सांगता आला.

२ मे, शुक्रवार

मसुराच्या कुंड्यांचा प्रयोग आज उपटून पाहिला. निर्जंतुक वाळूत अर्ध्या कुंड्यांना रायझोबियम लावलेले बी होते, अर्ध्यांना नव्हते. जिवाणू लावलेल्या रोपांच्या मुळांवर गाठी होत्या आणि नखाने फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसला, म्हणजे नत्र बांधण्याचे काम चालू होते. दुसऱ्या कुंड्यांतील रोपे पिवळी. मी मुलांना सांगितले की हीच डाळ भारतात घरोघरी शिजते आणि माझ्या डब्यात आजही आहे. चार जणांनी चव घेतली, दोघांनी पुन्हा मागितली.

या निमित्ताने पांडुरंग खानखोजे यांच्याविषयीही बोललो. वर्ध्याकडचे हे क्रांतिकारक पहिल्या महायुद्धाआधी इथून जवळच, पुलमनच्या कॉलेजात शेतकी शिकले, पुढे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवले, मक्यावर संशोधन केले आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी खुल्या शेतकी शाळा काढल्या. वर्गात मेक्सिकन कुटुंबांतील दोन मुले आहेत. त्यांपैकी एकाला चापिंगो हे नाव घरी ऐकून माहीत होते. माझ्यापेक्षा त्याचा उच्चार अर्थातच बरोबर होता.

१० मे, शनिवार

रोपविक्री. सकाळी आठला दार उघडले तेव्हा बाहेर रांग होती. टांगत्या कुंड्या दहा वाजेपर्यंत संपल्या, टोमॅटोची रोपे दुपारपर्यंत पुरली आणि थोडी उरलीही. बोलायला वेळ नव्हता आणि आता लिहायला त्राण नाही.

१३ मे, मंगळवार

हिशेबाचा तास. नववीतल्या त्या मुलाने फळ्यावर आकडे मांडले. एकूण विक्री ३,९४० डॉलर. बी, तयार रोपे, माध्यम आणि कुंड्या १,३१०, हरितगृह गरम ठेवण्याचा प्रोपेन गॅस १,१५०, किरकोळ १८०, मिळून खर्च २,६४०. शिल्लक १,३०० डॉलर. टाळ्या झाल्या.

मी सरांची परवानगी आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. मुलांना विचारले की कामाचे तास किती. वहीत ३४० तास होते. राज्याचे या वर्षीचे किमान वेतन ताशी १६.६६ डॉलर आहे, त्याने गुणा, असे सांगितले. उत्तर आले ५,६६४ डॉलर, आणि शिल्लक १,३०० होती त्याजागी ४,३६४ डॉलरची तूट उभी राहिली. एका मुलाने ताबडतोब हरकत घेतली की सोळा वर्षांखालील मुलांना किमान वेतनाच्या पंच्याऐंशी टक्केच देता येते, म्हणून दर १४.१६ धरावा. ती हरकत कायद्याला धरून होती, म्हणून तसाही हिशेब केला. तूट कमी झाली, गेली नाही.

मग जे झाले ते मी ठरवलेले नव्हते. मेंढ्यांवाली मुलगी या वर्गात नाही, तिचा तो मोकळा तास होता आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. तिने सांगितले की जानेवारीनंतर तिने स्वतःचे २१० तास गुणून पाहिले होते, आणि म्हणूनच या वर्षी जत्रेसाठी कोकरे न घेता दोन गाभण मेंढ्या घेतल्या, कारण खाद्याचे तास दोघींना तेवढेच लागतात आणि शेवटी मेंढ्या तिच्याच राहतात. हे तिने मला किंवा सरांना सांगितले नव्हते. मी जो रकाना गुणायला घाबरत होतो, तो तिने एकटीने केव्हाच गुणला होता.

सर म्हणाले की त्यांचे मत बदललेले नाही, तास हे शिक्षणच आहे, पण पुढच्या वर्षीपासून खतावणीखाली एक जादा ओळ ठेवू. नववीच्या मुलांनी लगेच वाद सुरू केला की टोमॅटोवर गॅसचा किती वाटा टाकायचा आणि टांगत्या कुंड्यांवर किती, कारण टोमॅटो फक्त सहा आठवडे आत होते. घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता. माझा अंदाज आहे की टोमॅटो तोट्यात निघणार नाहीत, पण तो मी फळ्यावर लिहिला नाही.

३० मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. किल्ल्या, ओळखपत्र आणि हरितगृहाच्या तापमानाच्या नोंदी सरांकडे दिल्या. पाणी देण्याविषयी एक चिठ्ठी नळाशी लावून ठेवली आहे : ट्रे उचलून पाहा, मग ठरवा. उरलेली अकरा टोमॅटोची रोपे स्वयंपाकघरातील बायकांनी नेली.

गेल्या आठवड्यात एका मेंढीला दोन कोकरे झाली. फोटो आला होता, त्याखाली वजने लिहिलेली होती आणि रात्री जागलेल्या तासांचा आकडाही.

नववीतल्या मुलाने रोपविक्रीची वही बंद करण्यापूर्वी मला एक प्रश्न विचारला : छात्राध्यापकाला पगार मिळतो का. नाही, असे मी सांगितले. माझे तास किती झाले, हे त्याने विचारले. मला सांगता आले नाही, कारण या पूर्ण नोंदवहीत मी ते कुठेच लिहिलेले नाहीत.